वाचक विचारतात : इतक्या वर्षांनी पुन्हा डोंगरात जायचंय, जुनी स्लेड (स्नोमोबिल) कोणती घेऊ?

प्रश्न : ताई नमस्कार, मी मूळचा साताऱ्याचा, कॅल्गरीत येऊन बरीच वर्षं झाली. सुरुवातीला ऑफिसातल्या मित्रांच्या नादाने स्नोमोबिल चालवायला लागलो, माझ्याकडे २००५ ची स्की-डू कंपनीची समिट होती, ८०० इंजिन, १५१ इंचाचा ट्रॅक (खालचा फिरणारा रबरी पट्टा), गोल्डन आणि रेव्हलस्टोकच्या डोंगरात पुष्कळ फिरलो. मग मुलं झाली, घर झालं, गुडघा कुरकुरायला लागला, गाडी विकून टाकली. आता मुलगी युनिव्हर्सिटीत गेली आणि बर्फ पडला की माझे हात शिवशिवतात. बजेट ११ हजार डॉलर, त्याच्यावर एक पैसा नाही असं घरी कबूल केलंय. जाहिराती बघतो तर १५४, १६५, १७५, टर्बो, कायकाय लिहिलेलं असतं, डोकं चालेना. मित्र म्हणतात मोठ्यात मोठा ट्रॅक घे नाहीतर पस्तावशील. वय ५१, उंची पाच फूट सहा. काय घेऊ?
– एक वाचक, कॅल्गरी

उत्तर : नमस्कार दादा. हात शिवशिवतायत ना, मग घ्याच. पण आधी एक काम करा, त्या ११ हजारातले दोन हजार आत्ताच बाजूला काढा, ते गाडीचे नाहीतच, ते बीकन (बर्फाखाली गाडलेल्याला शोधायचं सिग्नलचं यंत्र), हिमस्खलनात फुगणारी पाठीवरची एअरबॅग आणि हिमस्खलनाच्या कोर्सचे. त्याबद्दल खाली एडमंटनच्या ताईंना लिहिलंय तेही वाचा. म्हणजे गाडीला राहिले नऊ, आणि नऊ हजारात चांगली गाडी मिळते, फक्त ती सगळ्यात ताकदीची नसते आणि तुम्हाला ती लागतही नाहीये.

तुम्ही सोडलं तेव्हापासून इंजिनं तर बदललीच पण त्याहून जास्त चालवायची पद्धत बदललीय, आणि हे मित्र सांगत नाहीत कारण ते मधली सगळी वर्षं चालवत होते, त्यांच्या अंगात ते हळूहळू मुरत गेलं. तुमच्या वेळी समोर चढ दिसला की गॅस देऊन सरळ वर, जिथे दम संपेल तिथून वळून खाली, बरोबर? आता लोक उभं राहून चालवतात, दोन्ही पाय एकाच बाजूच्या रनिंग बोर्डवर (पाय ठेवायच्या फळीवर) घेतात, गाडी एका कडेवर तिरकी पाडतात आणि उताराला आडवं झाडांमधून नेतात. हँडल सरळ उभं असतं, पुढच्या दोन स्कींमधलं अंतर तुमच्या २००५ च्या गाडीपेक्षा कमी, त्यामुळे नवी गाडी हलक्या हाताने कलंडते. ती मुद्दाम तशी बनवलेली आहे. पण पहिल्या दिवशी तुम्हाला वाटणार की ही आपल्याला पाडणार, आणि तुम्ही सवयीने सीटवर बसून हँडलशी झटापट कराल आणि दुपारपर्यंत खांदे भरून येतील. म्हणून म्हणते, आत्ता तुम्हाला जी गाडी झेपेल ती घ्या, तुम्ही पूर्वी जसे चालवायचात त्या हिशोबाने घेऊ नका.

ट्रॅकचं मित्रांचं म्हणणं मला पटत नाही. ते आकडे इंचात असतात, १५४-१५५ म्हणजे ट्रॅकची पूर्ण गोल लांबी. लांब ट्रॅक खोल भुसभुशीत बर्फावर जास्त तरंगतो हे खरंच, पण तो वळायला मोठी जागा मागतो, आणि रुतला की तेवढी लांब गाडी उपसून काढायची असते, तीही गुडघा दुखत असताना. पाच फूट सहा आणि झाडांमध्ये शिकायचंय, तर १५४ किंवा १५५, बस. वजन जास्त असेल, पाठीवर मोठी बॅग असेल तर १६५ चा विचार करा. १७५ विसरा. लग, म्हणजे ट्रॅकवरचे रबराचे पंजे, अडीच इंचाचे पुरतात. तीन इंचाचे पंजे भुसभुशीत बर्फात मस्त वाटतात पण तुमच्या वाट्याला पार्किंगपासून वरपर्यंतचा टणक ट्रेलसुद्धा येणारच आहे, तिथे ते वाकतात आणि झिजतात.

ताकदीचं गणित सोपंय. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण तीन टक्के दम गमावतं. ८५० चं इंजिन समुद्रसपाटीला १६५ हॉर्सपॉवर धरलं तर सात हजार फुटांवर १३० च्या आसपास उरतात, आणि तुमच्या जुन्या गाडीला समुद्रसपाटीलाच जेवढे होते त्यापेक्षा हे फारसे कमी नाहीत. तेव्हा टर्बो नको, आणि बाहेरून बसवलेला टर्बो तर अजिबातच नको, कोणी बसवला, कुठलं पेट्रोल घातलं, किती ताणलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आता मॉडेलं. स्की-डूने २०१७ ला चौथ्या पिढीची बॉडी आणि ८५० ई-टेक इंजिन आणलं, तिथून पुढची समिट १५४ माझी पहिली पसंती. त्यात २०१८ पासून शॉट नावाचा स्टार्टर मिळायला लागला, सकाळी एकदा दोरी ओढून चालू करायची आणि मग दिवसभर बटण. कमरेएवढ्या बर्फात तिरकं उभं राहून दोरी ओढून बघा म्हणजे पन्नाशीनंतर त्या बटणाची किंमत कळेल. पोलारिसची आरएमके बघत असाल तर ॲक्सिस बॉडीची, २०१६ पासूनची, त्यात ८०० इंजिन आणि २०१९ पासून ८५०, ट्रॅक १५ इंच रुंद (समिटचा १६), त्यामुळे कडेवर घालायला ती अजून सोपी वाटते, ज्यांना आवडते त्यांना दुसरी चालत नाही. आर्क्टिक कॅट चांगली गाडी आहे, पण तिच्या तेव्हाच्या मालक कंपनीने, टेक्स्ट्रॉनने, २०२४ च्या अखेरीस उत्पादन थांबवलं आणि २०२५ मध्ये कंपनी नवीन मालकांकडे गेली, तर घ्यायच्या आधी जवळच्या डीलरकडे पार्ट कसे मिळतायत ते स्वतः जाऊन विचारा. यामाहा तर २०२५ च्या मॉडेलनंतर या धंद्यातूनच बाहेर पडली. पोलारिस घेताना एक गोष्ट न चुकता करा, २०२२ च्या शेवटी पेट्रोल टाकीच्या भागात आग लागायच्या धोक्यावरून कंपनीने 'गाडी चालवू नका' अशी सूचना काढली होती, सुरुवात २०२१ ते २०२३ च्या मॅट्रिक्स बॉडीच्या गाड्यांपासून झाली. तेव्हा व्हिन (गाडीचा ओळख क्रमांक) डीलरला देऊन त्या गाडीचं रिकॉलचं काम झालंय का ते तपासायचं. व्हिन टनेलवर, म्हणजे ट्रॅकच्या वरच्या पत्र्याच्या सांगाड्यावर, ठोकलेला असतो. हे कुठल्याही कंपनीच्या गाडीसाठी करा.

गाडी बघायला जाल तेव्हा मालकाला आधीच सांगा की मी येईपर्यंत इंजिन चालू करू नका. पोचलात की गप्पा मारायच्या आधी बोनेट उघडून सायलेन्सरवर हात ठेवा. गरम असेल तर विचारा का. गार इंजिन कसं सुरू होतं यात अर्धी कुंडली कळते, गरम केलेलं कुठलंही टू-स्ट्रोक गोड बोलतं.

मग कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब. दोन्ही सिलिंडरचं मोजायचं, आणि आकडा किती यापेक्षा दोन्हींत फरक किती ते बघायचं, दहा टक्क्यांच्या वर फरक म्हणजे हात जोडून निघायचं. कॅल्गरी साडेतीन हजार फुटांवर आहे त्यामुळे इथला आकडा समुद्रसपाटीपेक्षा कमीच येणार, मालक तसं म्हणाला तर तो खोटं बोलत नाहीये. पण कॉम्प्रेशन चांगलं आलं म्हणून हुरळून जाऊ नका. मालक परवानगी देत असेल तर एक्झॉस्ट पाइप सोडवा, दोन-चार स्प्रिंगा असतात, हुकाने निघतात. तिथून टॉर्च मारून पिस्टनची बाजू दिसते. दोरी अगदी हळू ओढत पिस्टन वरखाली करा आणि त्याचा बाजूचा पृष्ठभाग बघा, एकसारखा राखाडी आणि गुळगुळीत असेल तर छान, पण वरून खाली उभ्या रेघा असतील, नखाला लागतील अशा, तर आत कधीतरी घासलंय. कॉम्प्रेशन चांगलं दाखवणाऱ्या गाड्यांतही अशा रेघा सापडतात. मालक 'कशाला एवढं' म्हणाला तर शांतपणे नमस्कार करून या, दुसरी मिळते. डोंगरात फुल गॅसवर राबलेल्या टू-स्ट्रोकचे पिस्टन-रिंग बरेच जण दोन-तीन हजार मैलांत बदलतात, तेव्हा २५०० मैलांची गाडी असेल तर ते झालंय का, कोणी केलं, बिल आहे का विचारा. बिलासकट काम झालेली २५०० ची गाडी मी १४०० च्या 'कधी हातच लावला नाही'वाल्या गाडीच्या आधी घेईन.

खाली वाकून बघायचं ते बहुतेक जण टाळतात आणि तिथेच फसतात. गाडीची मागची बाजू उचलून ट्रॅक हाताने फिरवा, कुठे लग फाटलेत, क्लिपा गायब आहेत, आतून दोरे निघालेत ते दिसेल. टनेलच्या कडेने बोट फिरवत जा, पत्र्यात लाट लागली की समजा कुठेतरी आपटलीय. रनिंग बोर्ड टनेलला जिथे जोडलाय तिथले रिव्हेट ढिले आहेत का. समोर स्की धरणाऱ्या ए-आर्मचे नटबोल्ट आणि बल्कहेडचे (पुढच्या सांगाड्याचे) कोपरे, ताजा रंग किंवा नवा वेल्डिंगचा टाका दिसला तर स्पष्ट विचारा. टनेलच्या आतले कूलर म्हणजे या गाडीचा रेडिएटर, तिथे हिरवट-गुलाबी ओघळ दिसला किंवा गोडसर वास आला तर कूलंट गळतंय, तो खर्च मोठा. बेल्टचं कव्हर काढा, क्लचच्या दोन्ही चकत्यांवर खाचा पडल्यात का बघा. स्लायडर (ज्यांवरून ट्रॅक घसरतो त्या प्लास्टिकच्या पट्ट्या) झिजले असतील तर चालतं, ते स्वस्त आहेत, भावात पकडा. आणि स्क्रॅचर, म्हणजे रेल्सवरच्या त्या तारा, आहेत का बघा, टणक ट्रेलवर बर्फ खरवडून कूलरवर उडवायचं काम त्याच करतात, नसतील तर वर पोचायच्या आधी गाडी तापते.

गाडी ओरिजिनल आहे का हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. जाहिरातीत 'पाइप, हेड, क्लच किट, चिप सगळं टाकलंय' असं कौतुकाने लिहिलेलं असतं, त्याचे जास्तीचे पैसे देऊ नका, उलट दोन पावलं मागे या. लोन बाकी आहे का हे अल्बर्टात रजिस्ट्रीवाल्याकडे व्हिन देऊन लिएन सर्चमध्ये कळतं, फी किरकोळ असते, न करता पैसे देऊ नका. रजिस्ट्रेशन आणि इन्शुरन्सचे पैसेही त्याच नऊ हजारात धरा.

घ्यायची वेळ म्हणाल तर एप्रिल-मे. लोक पुढच्या वर्षीची नवीन बुक करतात आणि जुनी काढायला निघतात. नोव्हेंबरात पहिला बर्फ पडला की भाव चढतात आणि चांगल्या गाड्या सकाळी जाहिरात, संध्याकाळी गायब. फक्त उन्हाळ्यात बघत असाल तर डांबरावर पळवू नका, स्लायडरला बर्फाचं वंगण लागतं, नाहीतर ते वितळतात. स्टँडवर मागून उचलून थोडा वेळ चालवून बघितलं तरी पुष्कळ कळतं.

प्रश्न : ताई, मी डेन्व्हरला असतो. मिनेसोटातला एक ओळखीचा त्याची २०१८ ची माउंटन स्लेड इथल्यापेक्षा बऱ्याच कमी भावात देतोय, फक्त ट्रेलर घेऊन जायचं आणि आणायची. मीही मधली काही वर्षं चालवलेली नाही. सौदा चांगला वाटतोय, काही मेख आहे का?
– एक वाचक, डेन्व्हर

उत्तर : मेख आहे, पण सौदा मोडावा एवढी नाही. मिनेसोटा म्हणजे सपाटी, तिथे गाडी हजार-दीड हजार फुटांवर चालते, आणि तुम्ही तिला कोलोरॅडोत दहा-अकरा हजारांवर नेणार. आजकालच्या इंजेक्शनच्या गाड्या पेट्रोलचं प्रमाण स्वतः सांभाळतात, तुमच्या-आमच्या जुन्या कार्बोरेटरसारखं जेट बदलत बसावं लागत नाही, पण क्लच स्वतःहून बदलत नाही. इंजिनाचा तीसेक टक्के दम गेला आणि क्लचमधली वजनं सपाटीचीच राहिली की इंजिन हव्या त्या आरपीएमला पोचतच नाही, चढावर गाडी गुदमरल्यासारखी करते, बेल्ट तापतो, फाटतो. मग माणसाला वाटतं इंजिन गेलं. कंपनीचं उंचीप्रमाणे क्लचचं कोष्टक असतं, तुमच्या उंचीची वजनं आणि स्प्रिंग टाकून घ्या, डीलरकडे जाऊन करून घेतलं तरी चालेल, आणि तो खर्च भाव करतानाच धरा.

त्याला विचारा की ही कुठे फिरली. माउंटन स्लेड सपाटीच्या ट्रेलवर मैलच्या मैल पळवली असेल तर लग्जच्या कडा गोल झालेल्या दिसतील, स्लायडर गेलेले असतील, स्क्रॅचर नसतील तर ती तापूनही चाललेली असेल. तळ्यावरच्या बर्फावर पळवली असेल तर अजून वाईट, तिथे कूलरवर उडणारा मोकळा बर्फ जवळपास नसतो. दुसरीकडे, तिथल्या गाडीने दगड आणि झाडांचे बुंधे कमी खाल्लेले असतात, टनेल आणि ए-आर्म बहुतेक सरळ सापडतात, आणि ही खरंच जमेची बाजू आहे. तेव्हा माझं मत, आणा. मात्र वर दादांना सांगितलेली पिस्टनची तपासणी एवढ्या लांब जायच्या आधी तिथल्याच एखाद्या मेकॅनिककडून पैसे देऊन करून घ्या आणि फोटो मागवा, ओळखीचा आहे म्हणून संकोच करू नका. ट्रेलर घेऊन एवढं अंतर गेल्यावर नाही म्हणायची हिंमत कोणातच राहत नाही.

प्रश्न : ताई, माझे मिस्टर खूप वर्षांनी परत स्नोमोबिल घेतायत. त्यांचा उत्साह बघून मला बरं वाटतंय पण पोटात गोळाही येतो. मी काही चालवत नाही. त्यांना नक्की काय विचारू म्हणजे माझी काळजी जरा कमी होईल?
– एक वाचिका, एडमंटन

उत्तर : ताई, तुमची काळजी रास्त आहे, ती कोणी हसण्यावारी नेऊ देऊ नका. डोंगरात या गाड्यांवर जाणाऱ्यांचा मोठा धोका म्हणजे हिमस्खलन. २००८ च्या डिसेंबरात ब्रिटिश कोलंबियातल्या फर्नीजवळ स्पारवूड गावचे आठ जण असेच गेले. १३ मार्च २०१० ला रेव्हलस्टोकच्या बोल्डर माउंटनवर चढाईची गंमत बघायला जमलेल्या गर्दीवर अख्खा उतार कोसळला, दोघं गेले आणि तीसेक जखमी झाले. बघणारेही पायथ्याशी, सुरक्षित वाटणाऱ्या जागीच उभे होते, हे मिस्टरांना मुद्दाम सांगा. गाडी जितकी नवी तितकी ती सहज उंच आणि उभ्या उतारांवर पोचवते, जुन्या गाडीने जिथे दम टाकला असता तिथेही. म्हणजे बारा-पंधरा वर्षांपूर्वी त्यांना जी जागा झेपतच नव्हती तिथे ते यंदा पहिल्याच महिन्यात असतील, आणि बर्फाबद्दलचं ज्ञान मात्र तेव्हाचंच.

तर पहिलं विचारा, कोर्स कधी करताय. एएसटी-१ नावाचा हिमस्खलनाबद्दलचा प्राथमिक कोर्स असतो, साधारण एक दिवस वर्गात आणि एक बाहेर, स्लेडवाल्यांसाठी वेगळाही मिळतो, तोच घ्यायला सांगा. आधी केला असला तरी परत करायचा. दुसरं, बीकन कुठला. तीन अँटेनाचा डिजिटल हवा, माळ्यावरचा जुना एक अँटेनाचा नको, चालू होतोय म्हणजे चालेल असं नसतं. तिसरं, बीकन अंगावर, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब काठी) आणि फावडं पाठीवरच्या बॅगेत, गाडीच्या डिकीत नाही. गाडी गाडली गेली की डिकीतलं फावडंही तिच्याबरोबर जातं. गाडलेल्या माणसाला वाचवायची खरी संधी पहिल्या दहाएक मिनिटांत असते, तोवर हेलिकॉप्टर येत नाही, बरोबरचा मित्रच काढतो, म्हणून मित्रांकडेही हे सगळं आहे का आणि त्यांना वापरता येतं का हे विचारा. न वापरता येणाऱ्या माणसाबरोबर जाऊ नका असं मी सरळ म्हणेन. मोबाइल आणि बॅटरीवर गरम होणारे जॅकेट-ग्लोव्हज बीकनच्या सिग्नलमध्ये लुडबुड करतात, तेव्हा फोन बीकनपासून निदान २० सेंटिमीटर लांबच्या खिशात, आणि कोणाला शोधायची वेळ आली तर ५० सेंटिमीटर लांब किंवा सरळ बंद. एअरबॅग असावीच पण ती झाडांवर आदळण्यापासून वाचवत नाही हेही त्यांच्या लक्षात असू दे.

आणि तुम्ही स्वतः एक करू शकता. ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचं हिमस्खलनाच्या धोक्याचं बुलेटिन मोफत असतं, जायच्या आदल्या संध्याकाळी दोघांनी मिळून वाचा, वाचायला स्नोमोबिल यायला लागत नाही. धोका 'कन्सिडरेबल' (पाच पायऱ्यांतली तिसरी) किंवा त्याच्या वर असेल तर उद्या कुठल्या उतारावर जाणार नाही हे त्यांनी तुम्हाला नाव घेऊन सांगायचं, किती वाजता फोन करणार तेही ठरवायचं, आणि मोबाइलला रेंज नसते म्हणून सॅटेलाइटवरून मेसेज पाठवणारं छोटं यंत्र त्यांच्या जॅकेटला अडकवून द्या. ठरलेल्या वेळेनंतर किती थांबून तुम्ही मदत मागवायची तो आकडाही आधीच ठरवून फ्रीजवर लिहून ठेवा, ट्रेलची आणि पार्किंगची जागा, गाडीचा नंबर त्याच कागदावर.

(स्लेड, ट्रेलर आणि बर्फातल्या गाड्यांबद्दलचे प्रश्न पाठवताना गाडीचं वर्ष, ट्रॅकची लांबी आणि तुम्ही किती उंचीवर चालवता ते जरूर लिहा, त्याशिवाय उत्तर देणं अवघड जातं.)